मेंढी मेली कशाने?

प्रश्न : मॅडम, पशुवैद्यकीय पदवीनंतर दोन वर्षं मी दवाखान्यात काम केलं आणि मग विद्यापीठात विकृतिशास्त्राच्या, म्हणजे पॅथॉलॉजीच्या, रेसिडेन्सीला (विशेष प्रशिक्षणाला) आले. सात महिने झालेत. स्लाइड राउंडला, म्हणजे सगळ्यांसमोर स्लाइड बघून सांगायच्या तासाला, माझी पाळी आली की घशाला कोरड पडते. बॅचमधले दोघं पाच सेकंदांत रोगाचं नाव सांगून मोकळे होतात, मला गुलाबी आणि जांभळ्या रंगापलीकडे काही दिसत नाही. गेल्या महिन्यात एका मेंढीच्या पीएममध्ये (शवविच्छेदनात) कोठीपोटाचं, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पहिल्या पोटाचं, अस्तर सुटून आलेलं बघून मी ‘कोठीपोटाचा दाह’ असं लिहिलं. हा मेल्यानंतरचा बदल आहे, एवढंही कळत नाही का, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. त्या रात्री लॅबमध्ये कुणी नसताना मी त्या मेंढीची स्लाइड पुन्हा काढून बघत बसले होते. घरी वडील म्हणतात, जिवंत जनावरं सोडून मेलेल्यांची डॉक्टर झालीस. त्यात गाइड म्हणतात, सोबत पीएचडीलाही नाव नोंदव. सीनियर म्हणते, आधी रेसिडेन्सी संपव आणि बोर्डाची, म्हणजे या विषयातल्या तज्ज्ञतेची, परीक्षा दे. मला वाटतं, परत दवाखान्यातच जावं. काय करू?

उत्तर :

प्रिय डॉक्टर,

आधी त्या कोठीपोटाचं बोलू. बाकीचं सगळं नंतर.

रवंथ करणारं कुठलंही जनावर मेलं की काही तासांतच कोठीपोटाचं आतलं अस्तर खालच्या थरापासून सुटायला लागतं. आत ऊब असते, ओल असते, असंख्य जिवाणू असतात आणि जनावराचा श्वास थांबला म्हणून त्यांचं काम थांबत नाही. पोट उघडून हात फिरवला की करडा-काळसर पापुद्रा बोटांना चिकटून येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटणारच की इथे काहीतरी भयंकर घडून गेलंय. हे बघून एकदा तरी ‘दाह’ लिहिलेली माणसं माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यातली काही आज इतरांचे अहवाल तपासतात.

फरक कसा करायचा? पापुद्र्याकडे बघून तो कळत नाही, पापुद्रा निघाल्यावर खाली काय राहिलं ते बघायचं. खालचा थर फिकट, गुळगुळीत, कुठे रक्ताचा मागमूस नाही आणि पापुद्रा सगळीकडून सारखाच सुटतोय, तर ते मेल्यानंतरचं. खाली लालभडक चट्टे, रक्तस्राव, व्रण, व्रणांच्या कडा सुजलेल्या, काही जागी अस्तर ओढूनही निघत नाही, तर ते जिवंतपणीचं. स्लाइडवर याच गोष्टीची साक्ष पेशी देतात. दाह हे जिवंत शरीराचं काम आहे. रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, हे मेलेल्या शरीराला करता येत नाही. अस्तर सुटलंय आणि खाली एकही पेशी धावून आलेली नाही, याचा अर्थ ते सुटलं तेव्हा धावायला कुणी उरलेलं नव्हतं.

हे एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. सरांनी ती दिली नाहीत, याचं मला वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, सांगण्याची रीत चुकली. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यांनी तुमचं एक नाव खोडून त्या जागी दुसरं नाव ठेवलं. तुम्ही ‘दाह’ म्हणालात, ते ‘मेल्यानंतरचा बदल’ म्हणाले. ते काय बघून म्हणाले, हे तुम्हाला कळलंच नाही, म्हणून पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा तितक्याच अंधारात असाल. राउंड झाल्यावर त्यांच्या खोलीत जा आणि सरळ विचारा, ‘सर, तुम्ही कशावरून ठरवलंत?’ बरेचसे कडक शिक्षक या प्रश्नाने विरघळतात. स्वतःच्या डोळ्यांबद्दल बोलायला त्यांना आवडतं, त्यांना तसं कुणी विचारत नाही इतकंच.

मी तुमच्या जागी होते तेव्हा माझ्या टेबलावर एक कोकरू आलं. धष्टपुष्ट, अचानक मेलेलं. मूत्रपिंड हातात घेतलं तर लोण्यासारखं मऊ. आंत्रविषारात, म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्सच्या डी प्रकाराने होणाऱ्या रोगात, मूत्रपिंड असं पिलपिलीत होतं हे आदल्याच आठवड्यात वाचलेलं. लिहून टाकलं. आमच्या बाईंनी अहवाल वाचला, बोलल्या काहीच नाहीत. मला टेबलापाशी नेलं, दुसरं मूत्रपिंड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “यात काय दिसतं ते सांग. नाव नको.”

मी म्हटलं, मऊ आहे.

“किती मऊ? बोट दाबलं तर खळगा राहतो की फुटतं? दोन्ही सारखीच मऊ आहेत का? कापल्यावर बाहेरचा भाग आणि आतला भाग वेगळा ओळखू येतो का? रंग एकसारखा आहे की पट्टे आहेत? आणि यकृत कसं लागतंय हाताला? स्वादुपिंड?”

यकृतही मऊ होतं. स्वादुपिंडाचा तर लगदाच. सगळंच मऊ होतं. कोकरू दुपारभर उन्हात पडून होतं, ही नोंद पाठवणाऱ्याने कागदाच्या मागच्या बाजूला केली होती आणि मी तो कागद उलटून बघितला नव्हता. त्या एका मूत्रपिंडापाशी आम्ही दोघी पाऊण तास उभ्या होतो. बाईंनी मला चूक म्हटलं नाही. कोकराला आंत्रविषार नव्हता, असंही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, “असेलही. पण या मूत्रपिंडावरून ते तुला सांगता येणार नाही.”

तुमच्या सगळ्या पत्राला मला जे उत्तर द्यायचंय ते यातच आहे. या प्रशिक्षणाची पहिली दोन वर्षं नावं शिकण्याची नसतात, नावाची घाई सोडायला शिकण्याची असतात. आधी दिसतं ते लिहायचं, मग त्याचा अर्थ, नाव सगळ्यात शेवटी. तुम्हाला गुलाबी आणि जांभळा रंग दिसतो म्हणता ना? मग तिथूनच सुरुवात करा. जांभळं म्हणजे हिमॅटॉक्सिलिनने रंगलेली केंद्रकं, गुलाबी म्हणजे इओसिनने रंगलेला पेशीतला आणि पेशींबाहेरचा बाकीचा भाग. जिथे असायला हवं त्यापेक्षा जांभळं जास्त दिसतंय, तिथे पेशींची गर्दी झालीय. जिथे जांभळं पुसट होऊन नुसतं गुलाबी उरलंय, तिथे बहुधा पेशी मेल्यात. एवढं दिसणाऱ्या माणसाला ‘काही दिसत नाही’ असं म्हणता येणार नाही.

एक रीत सांगते, मी ती आजही मोडत नाही. स्लाइड आधी मायक्रोस्कोपखाली घालायचीच नाही. हातात धरून उजेडाकडे बघायची. किती तुकडे आहेत, कुठला अवयव असावा, कुठे जास्त गडद आहे, कुठे भोक आहे. मग सगळ्यात कमी शक्तीच्या भिंगाखाली पूर्ण स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायची. बदल एकाच जागी आहे, विखुरलेला आहे की सगळीकडे पसरलाय? रक्तवाहिन्यांच्या कडेने आहे की नळ्यांच्या? ही मांडणी तुम्हाला पेशींच्या कितीतरी आधी वाट दाखवते. फुप्फुसातला बदल श्वासनलिकांभोवती असेल तर त्रास हवेतून आला असावा, सगळीकडे ठिपक्याठिपक्यांनी विखुरला असेल तर रक्तातून. एवढं झाल्यावरच चाळीसच्या भिंगाकडे जायचं. नवखी मंडळी थेट चाळीसवर उडी मारतात आणि दोन पेशींत हरवून जातात. रस्ता न बघता घराची खिडकी शोधायला निघाल्यासारखं होतं ते.

आणि एक खेळ. बॅचमधल्या एखाद्या मैत्रिणीला घ्या. तुम्ही स्लाइड बघून वर्णन लिहायचं, रोगाचं नाव न लिहिता. तिने स्लाइड न बघता, फक्त तुमचा मजकूर वाचून, दोन रंगीत पेन्सिलींनी चित्र काढायचं. मग दोघींनी चित्र आणि स्लाइड शेजारी ठेवून बघायची. जिथे चित्र चुकलं तिथे तुमचं वाक्य ढिलं होतं. ‘बऱ्याच पेशी’ म्हणजे किती, ‘मोठा’ म्हणजे किती मिलिमीटर, ‘अनियमित’ म्हणजे कसा, हे त्या चित्रापुढे लपत नाही. आम्ही हे महिनोन् महिने केलं. माझ्या हातून लिहिली गेलेली पहिली नेमकी वाक्यं त्या खेळातून आली.

वर्णनाचा एवढा आग्रह कशासाठी, याचं एक उदाहरण मला फार जवळचं आहे. विल्यम हॅडलो हे पशुवैद्यकीय विकृतितज्ज्ञ १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या स्क्रेपी या रोगावर काम करत होते. स्क्रेपीत मेंदूतल्या चेतापेशींमध्ये पोकळ्या पडतात. त्या त्यांनी मायक्रोस्कोपखाली कितीतरी वेळा पाहिल्या होत्या. तेव्हा लंडनच्या वेलकम वैद्यकीय संग्रहालयात कुरू नावाच्या रोगाबद्दल एक प्रदर्शन लागलं होतं. न्यू गिनीतल्या फोरे लोकांत पसरलेला, माणसांचा, जीवघेणा रोग, कारण कुणालाच ठाऊक नाही. तिथल्या मेंदूच्या छायाचित्रांसमोर हॅडलो उभे राहिले, आणि त्या माणसांच्या चेतापेशींत त्यांना आपल्या मेंढ्यांच्या पोकळ्या दिसल्या. त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून हे साम्य मांडलं आणि कुरूचा संसर्ग माकडवर्गीय प्राण्यांना करून बघावा असं सुचवलं. पुढे कार्लटन गायडुसेक यांच्या गटाने कुरू चिंपांझींमध्ये संक्रमित होतो हे दाखवून दिलं, आणि १९७६ मध्ये गायडुसेक यांना नोबेल मिळालं. दोन रोगांची नावं वेगळी, जीव वेगळे, मुलूख वेगळे. नावांवरून कुणी ते जोडले नसते. पोकळी कशी दिसते हे ज्याच्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं, त्यानेच जोडले.

पाच सेकंदांत नाव सांगणाऱ्या त्या दोघांबद्दल मत्सर धरू नका आणि त्यांना कमीही लेखू नका. ओळखीचा चेहरा चटकन ओळखणं हीसुद्धा या कामातली कमाई आहे, हजारो स्लाइड बघून ती तुमच्याकडेही येईल. पण अनोळखी चेहरा समोर येतो तेव्हा ओळख कामाला येत नाही, वर्णन येतं. त्यांनाही तो दिवस येणार आहे. तेव्हा त्यांना तुमची गरज लागेल.

तुमच्या अडचणीचं आणखी एक कारण मला दिसतं. तुम्ही आजारी अवयवांच्या स्लाइड बघताय, निरोगी अवयवांच्या पुरेशा बघितलेल्या नाहीत. सात महिन्यांत कुणाच्याच होत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी एक तरी निरोगी अवयव बघा, आणि एकाच अवयवाच्या वेगवेगळ्या प्राण्यांतल्या स्लाइड शेजारी ठेवून बघा. डुकराच्या यकृतात प्रत्येक खंडिकेभोवती, म्हणजे यकृताच्या छोट्या घटकाभोवती, तंतूंची स्पष्ट चौकट असते. ते त्याचं नेहमीचं रूप आहे, सिऱ्हॉसिस (यकृत तंतूंनी भरून निकामी होण्याचा रोग) नव्हे. मांजराच्या मूत्रपिंडातल्या नलिकांत चरबीचे थेंब असतात, निरोगी मांजरातसुद्धा. पक्ष्यांच्या लाल पेशींना केंद्रक असतं. मेंढीच्या मेंदूच्या आवरणावर काळे डाग दिसले तर ते बहुधा नुसतं रंगद्रव्य असतं. मेल्यानंतरचे बदलही याच यादीत धरा. ज्या कुशीवर जनावर पडून होतं त्या बाजूचं फुप्फुस गडद दिसतं. पित्ताशयाला लागून असलेली आतडी हिरवट होतात. हृदयातली रक्ताची गाठ चकचकीत, लवचीक आणि सहज उचलून येणारी असेल तर ती मेल्यानंतरची. कोरडी, ठिसूळ आणि भिंतीला चिकटलेली असेल तर जिवंतपणीची. या सगळ्याला नीरस समजू नका. निरोगी म्हणजे काय, मेल्यावर काय होतं, हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्याच्यापुढे रोग आपोआप उठून दिसतो.

आता वडिलांचं वाक्य. ते प्रेमाने बोलतात, काळजीने बोलतात, तरीही मनाला लागतंच. त्यांना एकदा तुमच्या टेबलावरचा स्लाइडचा ट्रे दाखवा. त्यातल्या कितीतरी स्लाइड जिवंत जनावरांच्या असतात. कुत्र्याच्या कातडीवरची गाठ काढून कुणी पाठवलेली असते आणि तो कुत्रा त्या क्षणी घरात दाराकडे डोळे लावून बसलेला असतो. ती मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कुत्र्यांच्या कातडीतला एक कर्करोग, निघाली तर तुम्ही मोठ्या शक्तीच्या भिंगाखाली दहा क्षेत्रं मोजता. त्यात विभाजन होत असलेल्या पेशी सात किंवा त्याहून जास्त सापडल्या, तर २०११ पासून वापरात असलेल्या दोन श्रेणींच्या पद्धतीत तो वरच्या, धोक्याच्या श्रेणीत जातो. सर्जनने आणखी कापायचं की नाही, औषधं सुरू करायची की नाही, मालकाला काय सांगायचं, हे तुमच्या त्या मोजणीवर ठरतं. तो कुत्रा तुम्ही कधीच बघणार नाही. पण डॉक्टर तुम्हीही असता त्याच्या.

आणि जे खरंच मेलेले येतात, त्यांच्यामागे कळप असतो. दक्षिण आशियातली गिधाडं १९९० च्या दशकात झपाट्याने मरायला लागली, तेव्हा एखादा संसर्ग असावा असा पुष्कळांचा कयास होता. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं गोळा करून उघडली. तपासलेल्या २५९ पैकी २१९ गिधाडांच्या आतल्या अवयवांवर खडूची पूड फासावी तसा पांढरा थर होता. तो युरिक आम्लाचा थर, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. ‘व्हिसेरल गाउट’ असं नाव लिहून तिथेच थांबता आलं असतं, अहवाल पूर्ण दिसला असता. ते थांबले नाहीत. मूत्रपिंडं कशाने गेली, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. मूत्रपिंडांत काय काय सापडतं ते शोधताना थर असलेल्या २५ पैकी २५ पक्ष्यांत डायक्लोफिनॅक सापडलं, थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. गुरांना दिलेलं वेदनाशामक, मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. हा शोध २००४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला आणि २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळ यांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. मेलेल्यांच्या डॉक्टरांनी जिवंत राहिलेल्या गिधाडांसाठी केलेलं काम आहे हे. वडिलांना ही गोष्ट जरूर सांगा.

दवाखान्यातली दोन वर्षं वाया गेली असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या सुरात मला ते ऐकू आलं. ती तुमची सगळ्यात मोठी शिदोरी आहे. जनावरासोबत आलेला अर्ज वाचून काय सुटलंय हे तुम्हाला कळतं. खाद्य कधी बदललं, कळपात आणखी किती आजारी आहेत, शेवटचं इंजेक्शन कुठलं आणि कधी दिलं, हे फोन करून विचारायचा तुम्हाला संकोच वाटणार नाही. ज्यांनी दवाखाना बघितलाच नाही त्यांना हे शिकवायला मला फार वेळ लागतो. अहवाल कुणासाठी लिहायचा हेही तुम्हाला ठाऊक आहे. रात्री दहा वाजता थकून बसलेल्या डॉक्टरला त्यातलं काय लागतं, हे तुम्ही स्वतः अनुभवलंय. आणि जिवंत जनावरांची ओढ फारच असेल तर याच विषयात दुसरी वाट आहे, क्लिनिकल पॅथॉलॉजीची. रक्त, सुईने काढलेले नमुने, द्रव, अस्थिमज्जा. तिथे जवळजवळ प्रत्येक नमुन्यामागे उत्तराची वाट बघणारा जिवंत रुग्ण असतो. विभागात ती फेरी असेल तर एक महिना मागून घ्या आणि मन लागतं का बघा.

पीएचडी आणि रेसिडेन्सीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ते सगळ्यांना पटेलच असं नाही. आत्ता पीएचडीला नाव नोंदवू नका. रेसिडेन्सी साधारण तीन वर्षांची असते आणि ती तुमचे डोळे घडवते, म्हणजे शंभर प्रकारचे प्रश्न, रोज वेगळा प्राणी, रोज वेगळा अवयव. पीएचडी एकच प्रश्न वर्षानुवर्षं धरून बसायला शिकवते. दोन्ही मोलाची, पण दोन्ही एकदम सुरू केली तर डोळे अर्धवट राहतात आणि प्रश्न उसना राहतो, बहुतेक वेळा गाइडचा. गाइडना मदतीचे हात हवे असतात, त्यात काही वाईट नाही, पण तो तुमच्या निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. पीएम करताना एखादा प्रश्न तुमचा स्वतःचा होऊन मागे लागेल, पुन्हा पुन्हा तोच समोर येईल, तेव्हा पीएचडी करा. तोवर सीनियरचं ऐका. बोर्डाची परीक्षा घेणारं अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी पॅथॉलॉजिस्ट्स १९४९ मध्ये स्थापन झालं, युरोपीय कॉलेज १९९५ मध्ये. त्यांच्या परीक्षांची तयारी म्हणजे वर्षानुवर्षं रोज थोडं वाचन आणि रोज थोडं बघणं. शेवटच्या सहा महिन्यांत ती होत नाही. पुढे निदान प्रयोगशाळा, औषधांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या, वन्यजीव, अध्यापन, कुठेही गेलात तरी हे डोळेच विचारले जातील.

मात्र तुमच्या विभागाबद्दल एक गोष्ट तपासून बघा. तुमच्याशेजारी बसून, दोन डोकी एकत्र बघतील अशा मायक्रोस्कोपवर, कुणी अनुभवी माणूस आठवड्यातून निदान काही तास तुमच्यासोबत स्लाइड बघतो का? बाकी सगळं, म्हणजे यंत्रं, डिजिटल स्लाइड, ग्रंथालय, दुय्यम आहे. हे मिळत असेल तर बोलण्याची कठोर रीत सोसता येते. मिळत नसेल तर मागा. मागूनही मिळालं नाही तर जागा बदला, विषय बदलू नका.

थोडं सुरक्षिततेचं, कारण खचलेल्या मनाने काम करताना माणूस इथे चुकतो. अचानक मेलेलं जनावर, नाकातोंडातून न गोठणारं काळसर रक्त, अंग नीट न ताठलेलं, असं दिसलं तर उघडायचं नाही. फाशीची, म्हणजे अँथ्रॅक्स या रोगाची, शंका घ्यायची, कानातून रक्ताचा स्मीअर (काचपट्टीवर पसरलेला थेंब) घ्यायचा आणि थांबायचं. शव उघडलं की हवेशी संपर्क येऊन बीजाणू तयार होतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. रेबीजची प्रतिबंधक लस घेतली नसेल तर या आठवड्यात घ्या. फॉर्मालिनचं, म्हणजे अवयव टिकवायच्या द्रावणाचं, काम पंखा लावलेल्या हुडखालीच करा. त्यातला फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करणारा म्हणून वर्गीकृत आहे, वासाची सवय झाली म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. राउंडला बोलणी बसली म्हणून घाईत हातमोजे न घालता टेबलाशी उभ्या राहू नका. हे मी विनवून सांगते आहे.

परत जावं का, या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. सगळ्यांसमोर अपमान झाला, आणि त्या रात्री लॅबमध्ये कुणी नसताना तुम्ही ती स्लाइड पुन्हा काढून बघत बसलात. ज्याला हा विषय नको असतो तो त्या रात्री स्लाइड काढत नाही, तो दवाखान्याला फोन लावतो. तेव्हा माझं उत्तर आहे, थांबा. निदान आणखी एक वर्ष, वर्णनाची वही रोज लिहीत. वर्षानंतरही टेबलाशी उभं राहणं नकोसं वाटलं तर खुशाल दवाखान्यात जा. तिथे तुमच्यासारखा, पीएमचं मोल जाणणारा डॉक्टर कुणालाही हवाच असतो.

आणि आता एक गोष्ट, जी मला पहिल्यांदा पत्र वाचतानाच खटकली. कोठीपोटाचा बदल मेल्यानंतरचा होता, हे ठरलं. तिथे राउंड संपली, तुम्ही रडवेल्या झालात, सर पुढच्या स्लाइडकडे वळले. पण मग ती मेंढी मेली कशाने? तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. कुणी विचारलंही नसावं. पीएमच्या वेळी अवयवांचे तुकडे ठेवलेला जार अजून फेकला नसेल तर उद्या तो खाली काढा. फॉर्मालिन तुकड्यांच्या दहापट आहे का बघा, मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस, हृदय आणि मेंदूचे तुकडे आहेत का बघा, एक सेंटिमीटरहून जाड असतील तर पातळ करून ब्लॉकला, म्हणजे स्लाइड कापण्यासाठी मेणात बसवायला, द्या. अर्जावरचा फोन नंबर शोधून मालकाला विचारा की ती आदल्या दिवशी चरत होती का, आणखी कुणी आजारी पडलं का. आंत्रविषाराची शंका तपासायला हृदयाभोवतीच्या द्रवाबद्दल, मूत्राशयातल्या लघवीतल्या साखरेबद्दल त्या दिवशीच्या वहीत काही नोंद आहे का शोधा. नसेल तर पुढच्या मेंढीच्या वेळी त्या दोन ओळी वहीत आधीच छापून ठेवा. स्लाइड आल्या की पंधरा ओळी लिहा, नाव न लिहिता. मग सरांकडे घेऊन जा.

काय निघालं ते मला कळवा.